हा नक्की करतो काय?

टीममध्ये एक तिजोरी फोडतो, एक कॉम्प्युटर हॅक करतो आणि एक नुसता गोड बोलतो. सिनेमातल्या टोळीत त्यालाही इतरांइतकाच वाटा मिळतो. ऑफिसात मिळतो का?

चोरीचा कुठलाही झकास सिनेमा आठवा. पहिला अर्धा तास टीम जमवण्यात जातो. एक तिजोरीवाला, एक कॉम्प्युटरवाला, एक सुसाट गाडी हाणणारा, एक स्फोटकं लावणारा. प्रत्येकाची एन्ट्री दणक्यात. आणि मग एक येतो, ज्याच्या हातात ना स्क्रू-ड्रायव्हर ना लॅपटॉप. सूट कडक, केस जागच्या जागी आणि चेहऱ्यावर 'आपण कुठंतरी भेटलोय ना?' असं स्माइल. तो काय करतो? तो बोलतो. बस्स!

गंमत म्हणजे शेवटी लूट वाटताना टोळीतला एकही जण म्हणत नाही, "याला कशाला पूर्ण वाटा? हा तर नुसता गप्पा मारत होता." चोरांना कळतं, की हा गप्पा मारत होता म्हणून बाकीच्यांना काम करता आलं.

आता जरा आपल्या ऑफिसकडं बघा. तिथंही असा एक असतोच. पॅन्ट्रीत सगळ्यांशी बोलणारा, अ‍ॅडमिनपासून क्लायंटपर्यंत सगळ्यांचा लाडका. आणि अप्रेझलच्या महिन्यात त्याच्याबद्दल हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "तसा चांगलाय तो, पण हा नक्की करतो काय?"

या प्रश्नाचं उत्तर मला ऑफिसच्या आधी टीव्हीवर आणि सिनेमात सापडलं. तिकडूनच सुरुवात करू.

नावच 'फेस'

या कॅरेक्टरचं बारसं झालं अमेरिकन टीव्हीवर. १९८३ ते १९८७ या काळात एनबीसीवर 'द ए-टीम' नावाची मालिका चालली. न केलेल्या गुन्ह्यासाठी शिक्षा झालेले चार माजी सैनिक पळून जातात आणि लपतछपत लोकांच्या अडचणी सोडवतात, अशी साधी गोष्ट. हॅनिबल प्लॅन करणार. बी. ए. म्हणजे गळ्यात किलोभर सोनं घालणारा मिस्टर टी, तो मारामारी आणि गाड्यांची दुरुस्ती बघणार. मर्डॉक विमान उडवणार. आणि चौथा टेम्पलटन पेक. डर्क बेनेडिक्टनं रंगवलेल्या या पेकला सगळे हाक मारायचे 'फेस'. टीमचा चेहरा!

प्लॅनला ट्रक हवाय? फेस आणणार. पोशाख, हॉटेलातला सूट, एखादं विमान? फेस आणणार, तेही खिशाला हात न लावता. कधी तो बडा निर्माता व्हायचा, कधी डॉक्टर. २०१० च्या सिनेमात हा रोल ब्रॅडली कूपरनं केला. रोल-प्लेइंग गेम खेळणारे आज टीममधल्या बोलक्या कॅरेक्टरला सरळ 'फेस'च म्हणतात.

मालिकेत या फेसची एक बारीकशी बॅकस्टोरी आहे. तो अनाथाश्रमात वाढलाय. मला ती लेखकांची कमाल वाटते. ज्याला हक्कानं मागायला घरचं माणूस नाही, तो समोरच्याचा मूड वाचायला लहानपणीच शिकणार. म्हणजे हा चार्म आकाशातून पडलेला नाही. ते कमावलेलं स्किल आहे.

सोफीला स्टेजवर का जमत नाही?

पण हे स्किल म्हणजे नेमकं काय? गोड बोलणं? दिसणं? ड्रेसिंग सेन्स? याचं सगळ्यात भारी उत्तर दिलं २००८ ते २०१२ मध्ये आलेल्या 'लेव्हरेज' या मालिकेनं. पाच जणांची टीम, बड्या धेंडांना लुबाडून गरिबांना न्याय देणारी. त्यातली बोलणारी म्हणजे सोफी डेव्हरो, भूमिका जिना बेलमनची. सोफीला अ‍ॅक्ट्रेस व्हायचंय आणि स्टेजवर ती भयंकर आहे. इतकी की प्रेक्षकांना कसंनुसं व्हावं! मात्र हीच बाई एखाद्या लबाड उद्योगपतीसमोर राजघराण्यातली बाई बनून उभी राहिली, की कुणालाही शंका येत नाही.

मालिकेत हा जोक म्हणून येतो. मला मात्र त्यात सगळं रहस्य दिसतं. स्टेजवर सोफीसमोर अंधार असतो आणि पाठ केलेली वाक्यं असतात. तिथं ऐकायला कुणी नाही. समोर खराखुरा माणूस आला, की ती त्याच्याकडं बघते, तो कशावर खूश होतो, कशाला घाबरतो हे टिपते आणि त्याप्रमाणे पुढचं वाक्य बोलते. ज्याला आपण 'काय बोलतो यार!' म्हणतो, तो खरं म्हणजे जबरदस्त ऐकत असतो.

'ओशन्स इलेव्हन'मध्येही (२००१) हेच आहे. जॉर्ज क्लूनीचा डॅनी ओशन आणि ब्रॅड पिटचा रस्टी मिळून अकरा जणांची टीम बांधतात, लास व्हेगासमधल्या तीन कॅसिनोंची तिजोरी फोडायला. त्यातल्या नवख्या लायनसला, म्हणजे मॅट डेमनला, सरकारी अधिकारी बनून कॅसिनोच्या मालकासमोर जायचंय. त्याआधी रस्टी त्याचा क्लास घेतो. कसं उभं राहायचं, हात कुठं ठेवायचे, नजर कुठं ठेवायची. सगळ्याचं सार काय, तर समोरच्याला तू आवडायला हवास, पण तू निघून गेलास की त्याला आठवायला नकोस.

बघा, काय डेंजर अट आहे! आपल्याला वाटतं, चार्मिंग माणसाला सगळ्यांच्या नजरा स्वतःवर हव्या असतात. इथं उलट. काम चोख झालं तर तो कुणाच्या लक्षातच राहणार नाही. आणि ऑफिसातल्या फेसचा घोळ नेमका इथूनच सुरू होतो.

आपले धनंजय माने

एवढ्या लांब जायची तशी गरजच नाही. आपल्याकडं १९८८ सालीच हा माणूस येऊन गेलाय. 'अशी ही बनवाबनवी'! सचिन पिळगावकरांचं दिग्दर्शन, वसंत सबनीसांचं लेखन आणि पुण्यात भाड्यानं जागा शोधणारे चार मित्र. हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या 'बीवी और मकान'वर बेतलेली ही गोष्ट मराठी माणसाला तोंडपाठ आहे. जागा मिळणार फक्त जोडप्यांना. म्हणून दोघांना साडी नेसवली जाते. सगळे जण साडीतल्या लक्ष्या आणि सचिनवर फिदा असतात. पण ही सगळी बनवाबनवी खांद्यावर पेलतो कोण? अशोक सराफांचा धनंजय माने.

घरमालक सरपोतदारांशी तोच बोलणार. नव्या घरी लीलाबाई काळभोरांचा विश्वास तोच मिळवणार. ऐन वेळी कुणी दारात उभं राहिलं, की अर्ध्या सेकंदात नवी थाप तयार. मधुमेहाच्या औषधाचा तो सत्तर रुपयांवाला सीन आठवा. समोरच्याचे पैसे बुडालेत आणि त्यालाच या माण्याचं सांत्वन करावंसं वाटतं! हसून हसून मुरकुंडी वळते, पण त्या क्षणी अशोकमामांच्या डोळ्यांकडं बघा. ते सतत समोरच्याला जोखत असतात.

आणखी एक गोष्ट बघा. बाकीच्यांना फक्त आपापलं सोंग सांभाळायचंय. धनंजयला कुणाला काय सांगितलंय याचा सगळा हिशोब ठेवायचाय. कामाच्या जागी अश्विनी भावेची माधुरी आहे, जी त्याची बॉस आहे आणि त्याला आवडतेही. तिच्यासमोरही त्याला मोकळं बोलता येत नाही. सगळ्यांना सांभाळणाऱ्याला स्वतःसाठी बोलायची सोय नसते. कॉमेडीच्या आड लपलेली ही त्या रोलची किंमत.

कमी मार्कांचा विषय

मग एवढ्या कामाच्या माणसाला आपण फालतू का समजतो? याचं उत्तर एका गेममध्ये मिळतं.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा गेम काढला. टेबलाभोवती बसून, फासे टाकून खेळायचा. प्रत्येक कॅरेक्टरचे सहा गुण असतात. ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि सहावा करिष्मा. तीन फाशांची बेरीज म्हणजे त्या गुणाचे मार्क, कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त अठरा. अगदी मूळ नियमांत करिष्म्याचा उपयोग काय होता माहितीये? तुमच्यासोबत किती माणसं येतील आणि ती किती निष्ठेनं टिकतील हे त्यावर ठरायचं. नुसत्या दिसण्याशी नाही, माणसं टिकण्याशी संबंध!

पुढच्या काळात मिळालेले आकडे सहा गुणांत हवे तसे वाटून घ्यायची सोय आली. मग खेळणाऱ्यांनी काय करावं? सगळ्यात कमी आकडा उचलला आणि दिला करिष्म्याला ढकलून. अशा गुणाला त्यांच्या भाषेत 'डंप स्टॅट' म्हणतात. म्हणजे नको असलेले मार्क टाकायची जागा. तलवारीचा घाव मोजता येतो ना! पण राक्षसाशी बोलून लढाईच टळली, तर त्याचे मार्क कुणाच्या खात्यात टाकायचे?

आपल्या अप्रेझलच्या एक्सेल शीटचंही हेच आहे. घडलेल्या गोष्टींना कॉलम आहे. न घडलेल्या भांडणाला, न आलेल्या एस्कलेशनला, न दिलेल्या राजीनाम्याला कॉलमच नाही.

सीसीमधली गर्दी

हे मी नुसतं सिनेमे बघून म्हणत नाहीये. पुण्यातल्या एका कंपनीत (नाव नको!) मी नवीन लागले, तेव्हा आमच्या नऊ जणांच्या टीममध्ये असा एक जण होता. त्याला इथं 'फेस'च म्हणू. कोडिंग ठीकठाक. पण शनिवारी रिलीज असेल तर बंद पार्किंग उघडून देणारे वॉचमनकाका त्याच्या ओळखीचे. सर्व्हरची परमिशन अडकली तर तो खालच्या मजल्यावर जाऊन चहा पिऊन यायचा आणि परमिशन आलेली असायची. अमेरिकेतल्या क्लायंटच्या कॉलवर पहिली दोन मिनिटं तो तिकडच्या हवेबद्दल बोलायचा, आणि आवाजावरूनच आम्हाला चॅटवर टाकायचा, "आज वाईट बातमी शेवटी सांगा." आमची टेस्टर आणि सीनियर डेव्हलपर यांचं एकमेकांशी पटायचं नाही. दोघंही त्याच्याशी बोलायचे, आणि तो एकाचा मुद्दा दुसऱ्यापर्यंत असा पोचवायचा, की त्यातला डंख निघून गेलेला असायचा.

मग एका वर्षी माणसं कमी करायची वेळ आली. प्रत्येकाला केलेल्या कामांची यादी मागितली गेली. त्याची यादी अर्धं पान भरली. तो गेला. जाताना सगळ्या मजल्यावर पेढे वाटून गेला. हो, पेढे! कुणाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

पुढच्या तीन महिन्यांत काही स्फोटबिट झाला नाही. बारीक बारीक गोष्टी झाल्या. चहाच्या कपात होणाऱ्या परमिशनला आठ दिवसांचं तिकीट लागायला लागलं. टेस्टर आणि डेव्हलपर समोरासमोर बसून एकमेकांना मेल टाकायला लागले. क्लायंटचे कॉल कमी झाले आणि मेल वाढले. मग मेलच्या सीसीत माणसं वाढली. सीसीत गर्दी व्हायला लागली, की समजायचं, बोलणं बंद पडलंय! दोन ज्युनियर्सनी पाठोपाठ पेपर टाकले. रिव्ह्यू मीटिंगमध्ये कारणं लिहिली गेली 'कम्युनिकेशन गॅप' आणि 'प्रोसेस इश्यू'. ती गॅप पूर्वी अंगानं भरून काढणारा एक माणूस होता, हे कुठल्याच स्लाइडवर आलं नाही.

'लेव्हरेज'च्या लेखकांना हे बरोबर कळलं होतं. दुसऱ्या सीझनमध्ये काही भाग सोफी टीममधून बाहेर असते. तेव्हा बाकीचे चौघं 'आपण सांभाळून घेऊ' म्हणत राहत नाहीत. तिच्या जागेवर टारा कोल नावाची दुसरी बोलणारी आणली जाते. हॅकरची जागा रिकामी ठेवतो का आपण? मग हिची का?

चार्म की मस्का?

आता तुमच्या मनातली शंका मला ऐकू येतेय. "अहो, आमच्याकडचा गोडबोल्या तर दुसऱ्यांचं काम स्वतःच्या नावावर खपवतो!" कबूल. तोही प्राणी असतोच. चार्म हे हत्यार आहे, आणि हत्यार कुठंही चालतं. मग ओळखायचं कसं?

त्यासाठी एक जुना पिक्चर सांगते. जॉन स्टर्जेसचा 'द ग्रेट एस्केप' (१९६३). मार्च १९४४ मध्ये जर्मनांच्या 'स्टालाग लुफ्ट ३' या छावणीतून दोस्त राष्ट्रांचे ७६ वैमानिक कैदी भुयारातून पळाले, त्या खऱ्या घटनेवरचा. त्या खऱ्या छावणीतही कैद्यांनी रेडक्रॉसच्या पार्सलमधली कॉफी, चॉकलेट आणि सिगारेट पुढं करून पहारेकऱ्यांशी ओळखी वाढवल्या होत्या.

सिनेमात हे काम हेंडलीचं आहे, म्हणजे जेम्स गार्नरचं. हवी ती वस्तू पैदा करणारा. वर्नर नावाच्या भोळ्या पहारेकऱ्याशी तो दोस्ती करतो आणि गप्पांच्या नादात त्याचं पाकीट मारतो. त्यात ओळखपत्रं असतात. वर्नर रडकुंडीला येतो, कारण वरच्यांना कळलं तर त्याची रवानगी थेट रशियाच्या आघाडीवर. हेंडली हसत हसत त्याच्याकडून कॅमेरा मागून घेतो. प्लॅन म्हणून मस्त. पण वर्नरचा चेहरा बघताना आपल्यालाही थोडं टोचतं. हेंडलीची ही बाजूही सिनेमा लपवत नाही.

मग शेवटाकडं हाच हेंडली काय करतो? त्याच्या खोलीतला कॉलिन हा खोटी कागदपत्रं बनवणारा. त्याची नजर जाते. आंधळ्या माणसाला पळायला घेऊन जाणं म्हणजे सगळ्यांनाच धोका, म्हणून त्याला मागं ठेवायचं ठरतं. तेव्हा हेंडली पुढं होतो आणि म्हणतो, त्याची जबाबदारी माझी. एकटा असता तर या बोलक्या माणसानं कुठल्याही स्टेशनवर कुणालाही गुंडाळलं असतं. तरी तो कॉलिनचा हात धरून निघतो. दोघं विमान पळवतात, ते सीमेच्या अलीकडं पडतं, कॉलिनला गोळी लागते आणि हेंडली पुन्हा छावणीत येतो. प्रत्यक्षातही त्या ७६ पैकी ७३ जण पकडले गेले, त्यातल्या ५० जणांना गोळ्या घातल्या गेल्या आणि फक्त तिघं सुखरूप पोचले.

मस्का मारणारा आणि फेस यांच्यातला फरक मला इथं दिसतो. मस्का नेहमी वरच्या दिशेनं जातो, ज्याच्याकडून काही मिळणारंय त्याच्याकडं. फेसचं बोलणं चारी दिशांना जातं, आणि ज्याच्याकडून काहीही मिळणार नाही त्याच्यापाशी ते संपत नाही.

तुमच्या टीमचा फेस कोण? ओळखा पटकन!

• सुट्टीच्या दिवशी काही अडलं, तर सगळे पहिला फोन कुणाला लावतात?

• हाउसकीपिंगच्या मावशींचं नाव टीममध्ये कुणाला माहीत आहे?

• मीटिंगमध्ये बोलायला घाबरणाऱ्या नव्या मुलीला "तू मघाशी काहीतरी छान सांगत होतीस ना?" असं कोण म्हणतं?

• कोण रजेवर असलं, की दुपारपर्यंत दोघांचं तरी वाजतं?

• आणि शेवटचा, महत्त्वाचा. त्याच्या गोड बोलण्याचा फायदा दरवेळी त्याला एकट्यालाच होतो का? उत्तर 'हो' असेल, तर हा तो नव्हे. पुढचा शोधा!

वाटा ठरवताना

आता माझ्याही हाताखाली छोटी टीम आहे आणि दर वर्षी ते फॉर्म मलाही भरावे लागतात. आमच्यातही एक फेस आहे. यंदा तिच्या फॉर्ममध्ये 'गुड टीम प्लेयर' असं गुळमुळीत लिहायचं नाही, असं मी ठरवलंय. एखाद्या इंजिनियरचं काम लिहावं तसं लिहिणार. कुठल्या महिन्यात कुठल्या क्लायंटचा पारा चढला होता आणि तो कुणाच्या फोननं उतरला. कुठली परमिशन किती दिवसांऐवजी किती तासांत मिळाली. कोण सोडून जाणार होतं आणि कुणाशी बोलल्यावर थांबलं. तारखा टाकून. कारण या कामाचा स्वभावच असा, की ते चोख झालं तर दिसत नाही. मग कुणीतरी ते लिहून ठेवायला नको?

आणि तुम्ही स्वतःच तुमच्या टीमचे फेस असाल, तर एक आगाऊ सल्ला. सगळ्यांसाठी इतकं छान बोलता, तर वर्षातून एकदा, त्या फॉर्ममध्ये, स्वतःसाठीही चार ओळी बोला की! धनंजय मान्यांना जमलं नाही, तुम्हाला जमवायला हवं.

बाकी वाट्याचं म्हणाल, तर तिजोरी फोडणाऱ्यालाही माहीत असतं, की दारावरच्या पहारेकऱ्याला दहा मिनिटं कुणीतरी बोलण्यात गुंतवलं होतं. एवढा हिशोब चोर चोख ठेवतात. आपण तर पगारी माणसं!